फॅसिलिटी मॅनेजमेंट एजन्सी : पहिल्या उन्हाळ्यानंतरचा अनुभव

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमधील आमच्या कार्यालयाने साफसफाई, वीज, वातानुकूलन आणि सुरक्षेचे वेगवेगळे ठेके मोडून सर्व काम एका फॅसिलिटी मॅनेजमेंट, म्हणजे इमारतीच्या सर्व सेवा एकत्र सांभाळणाऱ्या, एजन्सीकडे दिले, तेव्हा मासिक खर्च वाढला. निविदेत आयएसओ ४१००१ या २०१८ च्या मानकाचा हवाला होता. फॅसिलिटी मॅनेजमेंटने संस्थेच्या मूळ उद्दिष्टांना हातभार लावावा, अशी त्याची अपेक्षा आहे. हिवाळाभर मला मात्र चकचकीत फरशीखेरीज काही दिसले नाही आणि तो खर्च अनाठायी वाटत होता.

मत बदलले ते चिलरच्या, म्हणजे वातानुकूलनासाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राच्या, लॉगबुकमुळे. उष्णता बाहेर टाकणाऱ्या त्याच्या कंडेन्सरमधून बाहेर पडणारे पाणी आणि आतला शीतक वायू यांच्या तापमानांतील फरक आठवड्यागणिक वाढत असल्याची नोंद तंत्रज्ञाने लाल शाईने केली होती. आमचे बोअरचे पाणी जड आहे. कूलिंग टॉवरमध्ये त्याची वाफ होते, क्षार मागे राहतात आणि नळ्यांत खपली धरते, मग उष्णता बाहेर टाकण्यासाठी कॉम्प्रेसर जास्त वीज ओढतो. एजन्सीने मार्चमध्येच नळ्या साफ करून घेतल्या. कपॅसिटर पॅनेलमधील निकामी कपॅसिटरही त्यांनीच हेरला; महावितरणने २०२० मध्ये उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएच बिलिंग (प्रत्यक्ष वापरलेल्या नव्हे, तर ओढलेल्या एकूण विजेवर आकारणी) लागू केल्यापासून पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा, कपॅसिटरअभावी घसरला की त्याचा भुर्दंड थेट बिलात बसतो. एप्रिलचे बिल गतवर्षीच्या एप्रिलशी ताडून पाहिले आणि वाढीव खर्चाविषयीची माझी तक्रार मागे घेतली.

तरीही ऐन नवतप्यात एका मजल्याच्या एएचयूचा (थंड हवा खेळवणाऱ्या यंत्राचा) पट्टा तुटला, तेव्हा जे घडले ते मला अजून खटकते. माणसे घामाघूम होऊन काम करत असताना ॲपवर आमची तक्रार ‘निकाली’ दाखवली जात होती. पुन्हा नोंदवली, पुन्हा निकाली निघाली. करारात दंड तक्रार बंद होण्याच्या वेळेवर मोजला जातो आणि ती बंद करण्याचे बटण एजन्सीच्याच हाती आहे, त्यामुळे दुरुस्तीआधी बटण दाबण्यातच त्यांचा फायदा आहे. जी एजन्सी लॉगबुकात अर्ध्या अंशाचा फरक प्रामाणिकपणे लिहिते, तिने ॲपवर खोटी नोंद करावी, हे मला मुळीच मान्य नाही. महिन्याचा अहवालही याच नोंदींवरून तयार होतो, म्हणजे व्यवस्थापनासमोर जाणारे आकडेही निरुपयोगी ठरतात.

नूतनीकरणाच्या मसुद्यात मी एकच अट घातली आहे : तक्रार बंद करण्याचा अधिकार तक्रारदाराकडे राहील. ती मान्य झाल्यास दरवाढ देण्याची माझी शिफारस आहे, अन्यथा नाही.