25 लिटरचा स्टोरेज गिझर : हिवाळा-पावसाळा वापरल्यावर, मुख्यतः गळतीबद्दल

पुण्यात उंड्रीतल्या फ्लॅटमध्ये 25 लिटर, 2000 वॅट, काचेचं अस्तर असलेल्या टाकीचा गिझर. बोअर आणि टँकरचं मिसळलेलं पाणी, म्हणजे क्षार भरपूर. तापवण्याबद्दल तक्रार नाही. डिसेंबरात 20 अंशांचं पाणी 60 अंशांवर जायला 35-40 मिनिटं लागतात आणि 2000 वॅटला तेवढी लागणारच. लिहायचंय ते गळतीबद्दल, कारण ठणठणीत गिझरही ‘गळतोय’ म्हणून काढून टाकले जातात.

आधी थेंब कुठून येतो ते बघा. थंड पाण्याच्या पाइपवर पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापताना त्याच्या तोंडातून थेंब पडणं हा दोष नाही. 20 वरून 60 अंशांवर जाताना पाणी साधारण दीड टक्का फुगतं, म्हणजे 25 लिटरमागे 350 ते 400 मिली. व्हॉल्व्हमधली एकेरी झडप ते मागे जाऊ देत नाही, मग ते तोंडातूनच बाहेर पडतं. तोंडाखाली रिकामी बाटली बांधून एकदा मोजा. तापताना पाव-अर्धा लिटर जमलं आणि नंतर थांबलं, तर सगळं नीट आहे. छोटी नळी लावून ती उताराने मोरीत सोडा, शेवट उघडा ठेवा. हे तोंड एम-सीलने किंवा स्क्रूने बुजवणारे प्लंबर भेटतात. त्यांना अजिबात हात लावू देऊ नका. थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला वीज तोडणारा भाग) अडकला तर वाढलेला दाब बाहेर पडायची ती एकच वाट आहे.

गिझर बंद असतानाही दिवसभर टपटप चालू असेल, तर दोन शक्यता. एक, झडपेत क्षाराचा खडा अडकलाय. पाणी गार झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी दोन-चार वेळा उचलून सोडा, बहुतेकदा खडा निघून जातो. दोन, लाइनचा दाब जास्त आहे. गच्चीवरच्या टाकीपासून दर 10 मीटर खाली साधारण 1 बार दाब, म्हणजे बारा मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर 3 बारच्या आसपास. 8 बारपर्यंतचा दाब सोसणाऱ्या गिझरला हे झेपतं. पण सोसायटीचा प्रेशर पंप सुरू झाल्या झाल्या थेंब वाढत असतील, तर गिझरआधी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून तो 3 बारवर लावा.

व्हॉल्व्ह कोरडा आणि तरी खाली ओल? एमसीबी (बोर्डावरचा विजेचा खटका) पाडा, सगळं पुसून घ्या आणि प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर गुंडाळा. जो पहिला भिजेल तोच गुन्हेगार. फ्लेक्सिबल पाइपच्या नटाभोवती पांढरी पापडी दिसली तर तिथे कधीपासूनच झिरपतंय. वॉशर बदला, नट पिळत बसू नका.

फसवतं ते खालचं प्लास्टिक झाकण. पाणी गळतं वर, फ्लँजपाशी (पाणी तापवणारा एलिमेंट ज्या चकतीवर बसवून बोल्टने टाकीला आवळतात ती), आणि थेंब दिसतो झाकणाच्या सर्वांत खालच्या कडेला. टेस्टरने वीज नसल्याची खात्री करून झाकण काढा. फ्लँजभोवती ओल असेल तर गॅस्केट, म्हणजे फ्लँज आणि टाकीमधलं रबरी सील, गेलंय. त्यावर सिलिकॉन फासणं निरुपयोगी. टाकी गार करून रिकामी करा, बैठकीवरचा क्षार प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा (लोखंडी पाना लावला तर अस्तराला चरा जाईल), नवं गॅस्केट बसवा आणि बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळा. वॉरंटीत असेल तर हे कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

एवढं उघडलंच आहे तर मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी कांडी) बघून घ्या. अर्ध्याहून बारीक झाला असेल किंवा आतली तार दिसत असेल, तर बदलायलाच हवा. आपल्याकडच्या जड पाण्यात दरवर्षी तपासणं शहाणपणाचं, कारण रॉड संपला की गंज टाकीला धरतो. माहितीपत्रकात याचा एका ओळीतच उल्लेख आहे, ही या गिझरबद्दलची माझी खरी नाराजी.

शेवटची परीक्षा : इनलेटचा अँगल कॉक (गिझरकडे येणारं थंड पाणी तोडणारी तोटी) बंद करा, गरम नळ क्षणभर उघडून दाब काढा. जोड, व्हॉल्व्ह, फ्लँज सगळं कोरडं, तरी बाहेरच्या पत्र्याखालून तांबूस पाणी येतंय, तर टाकीच सडली आहे. ती वेल्डिंगने टिकत नाही. एमसीबी बंद ठेवा आणि नवा गिझर बघा.