खुब्याची दुरुस्ती: मोठ्या बॉलची साधी वाटी की ड्युअल मोबिलिटी?

बदललेला खुबा पुन्हा बदलण्याची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांना वाटी, लायनर, बॉल आणि स्टेम म्हणजे काय हे नव्याने सांगायला नको. इतरांसाठी एवढेच, की वाटी कमरेच्या हाडात बसते, लायनर हे तिच्या आतले अस्तर, स्टेम ही मांडीच्या हाडात बसणारी दांडी, आणि तिच्या टोकावरचा बॉल वाटीत फिरतो. वाटीच्या बाजूला हाड बऱ्यापैकी शिल्लक असेल, तर डॉक्टर बहुधा दोन पर्याय समोर ठेवतात. एक म्हणजे नेहमीची वाटी, चांगल्या प्रतीचे लायनर आणि ३६ मिलिमीटरचा मोठा बॉल. दुसरा म्हणजे ड्युअल मोबिलिटी, म्हणजे दोन ठिकाणी हलणारा सांधा. माझ्या डाव्या खुब्यात २०१३ पासून पहिला आहे आणि उजव्यात २०१९ पासून दुसरा, त्यामुळे परभणीतल्या माझ्या घरात ही तुलना रोज उठता-बसता होत असते. एका माणसाच्या दोन पायांवरून नियम काढता येत नाही, हे मान्य करूनच पुढचे लिहितो.

माझे दोन्ही खुबे पहिल्यांदा १९९९ आणि २००२ मध्ये बदलले गेले, दोन्ही अव्हॅस्क्युलर नेक्रोसिसमुळे, म्हणजे रक्तपुरवठा तुटून हाड मृत झाल्यामुळे. त्या वाट्यांत जुन्या प्रकारचे प्लास्टिक होते. ते झिजले, त्या झिजेच्या सूक्ष्म कणांमुळे भोवतालचे हाड पोखरले गेले आणि वाट्या सैल झाल्या. हल्ली वापरात असलेले हायली क्रॉस-लिंक्ड पॉलिएथिलीन, म्हणजे आतले रेणू एकमेकांना जास्त जोडलेले प्लास्टिक, त्या मानाने फारच कमी झिजते. म्हणून दुरुस्तीनंतर काय बिघडेल हा प्रश्न आता प्रामुख्याने झिजेचा राहिलेला नाही. इम्प्लांट पुन्हा सैल होणे, जंतुसंसर्ग आणि सांधा निखळणे ही तिसऱ्यांदा टेबलावर जाण्याची मोठी कारणे आहेत, आणि त्यांपैकी वाटीच्या निवडीने सर्वांत जास्त फरक पडतो तो निखळण्यात. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर शंभरात साधारण एक ते तीन जणांचा सांधा निखळतो. दुरुस्तीनंतर हे प्रमाण कितीतरी वाढते, कारण दोनदा उघडलेल्या जागेतले स्नायू आणि आवरण पूर्वीसारखे घट्ट धरत नाहीत.

साध्या वाटीच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. तिची रचना सरळ आहे, हलणारा पृष्ठभाग एकच आहे, आणि नव्या प्लास्टिकसह ती १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात असल्याने तिची दीर्घकालीन नोंदही मोठी आहे. माझ्या डाव्या बाजूच्या एक्स-रेमध्ये बारा वर्षांनीही वाटीभोवती पोकळी दिसत नाही, ती तसूभरही सरकलेली नाही. केवळ एक्स-रे पाहून गुण द्यायचे असते, तर मी डाव्या खुब्याला पैकीच्या पैकी दिले असते.

पण तो खुबा दोनदा निखळला. पहिल्यांदा तिसऱ्या महिन्यात, जेव्हा स्नायू अजून भरून आले नव्हते. ते समजण्यासारखे होते. दुसऱ्यांदा मात्र पाचव्या वर्षी, सगळे सुरळीत आहे असे गृहीत धरल्यावर. ओसरीच्या पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावायला वाकलो, गुडघा आत वळला आणि बॉल मागच्या बाजूने बाहेर गेला. त्या वेदनेचे वर्णन करत नाही. ज्यांनी भोगली त्यांना ती ठाऊक आहे. रात्री नांदेडला नेऊन भूल देऊन सांधा बसवला, दुसऱ्या दिवशी चालवलेही. त्रास त्यानंतरचा आहे आणि तो आजही संपलेला नाही. खुर्ची बुटकी आहे का, एसटीची पायरी किती उंच आहे, पंगतीत आपल्यासाठी टेबल मांडले आहे का, रात्री पायांमधली उशी सरकली तर नाही ना, याचा हिशेब मनात सतत चालू राहतो. औंढा नागनाथचा गाभारा जमिनीखाली आहे आणि उतरायच्या पायऱ्या अरुंद आहेत. त्या घटनेनंतर मी वरूनच हात जोडून परत येऊ लागलो. वेदना नसलेला, एक्स-रेमध्ये निर्दोष असलेला सांधा माणसाला असे जखडून ठेवू शकतो, हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. उजव्या बाजूचा निर्णय याच गोष्टीने केला.

ड्युअल मोबिलिटीची कल्पना नवी नाही. फ्रान्समधील सेंत-एतिएन येथे जिल बुस्के यांनी १९७० च्या दशकात ती मांडली. छोटा बॉल एका मोठ्या प्लास्टिकच्या गोळ्यात अडकवलेला असतो आणि तो गोळा स्वतः गुळगुळीत धातूच्या वाटीत फिरतो. नेहमीची हालचाल आतल्या सांध्यात होते. पाय जास्त वळला की बाहेरचा गोळाही फिरू लागतो. वाटीतून बाहेर पडायला त्या मोठ्या गोळ्याला बरेच अंतर ओलांडावे लागते, म्हणून तो सहजी निसटत नाही. माझा उजवा खुबा सहा वर्षांत एकदाही निखळला नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या पायाचा विचार माझ्या मनात दिवसभर येत नाही. अर्थात डाव्या बाजूचे हाड आणि स्नायू आधीपासूनच जास्त खराब होते, त्यामुळे सगळे श्रेय वाटीला देणे योग्य होणार नाही.

या पर्यायाचे दोषही नीट समजून घ्यावेत. जुन्या पिढीच्या रचनेत प्लास्टिकची कड झिजून आतला बॉल गोळ्यातूनच सुटत असे. नव्या प्लास्टिकमुळे हे विरळ झाले आहे, पण संपलेले नाही. असा सांधा कधी निखळलाच, तर तो जोर लावून बसवण्याच्या प्रयत्नात आतला बॉल सुटू शकतो आणि मग उघडी शस्त्रक्रिया अटळ होते. म्हणून आपल्या खुब्यात ड्युअल मोबिलिटी आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे. टायटॅनियमच्या वाटीत कोबाल्ट-क्रोमचे अस्तर बसवलेला प्रकार असेल, तर त्या जोडावर गंज धरण्याची आणि रक्तातील धातूचे प्रमाण वाढण्याची शंका घेतली जाते. पन्नाशीच्या आतल्या, भरपूर हालचाल असलेल्या रुग्णाला डॉक्टर साधी वाटी सुचवत असतील, तर ते विनाकारण नाही.

किमतीचे सांगायचे तर ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने इम्प्लांटच्या किमतीवर जी कमाल मर्यादा घातली ती गुडघ्याच्या, त्यात खुबा नव्हता. तेव्हा लेखी अंदाजपत्रक आधीच मागावे. इम्प्लांटच्या खोक्यावरची स्टिकरेही फाइलमध्ये चिकटवून घ्यावीत. माझी १९९९ ची कागदपत्रे हरवल्यामुळे ज्यावर नवा बॉल बसवायचा त्या जुन्या स्टेमच्या टोकाचे माप कळेना, आणि हाडात घट्ट बसलेला तो स्टेमही काढावा लागला.

साठी ओलांडलेली असेल, पाय बाजूला उचलणारे स्नायू कमजोर असतील किंवा सांधा आधी एकदा निखळला असेल, तर मी आपला हट्ट धरणार नाही, पण डॉक्टरांकडे ड्युअल मोबिलिटीबद्दल स्पष्टपणे विचारा असे आग्रहाने सांगेन. डाव्या बाजूबद्दल माझे डॉक्टरांशी बोलणे झाले आहे. तो तिसऱ्यांदा निखळला, तर हाडात पक्की बसलेली वाटी न काढता तिच्या आतच ड्युअल मोबिलिटीची वाटी सिमेंटने बसवता येते. वाटीचे माप त्यासाठी पुरेसे आहे, असे त्यांनी स्टिकर पाहून सांगितले आणि तशी नोंद फाइलवर करून घेतली आहे.