दादरचं नवख्यांचं टेबल: पाचपैकी चार

पाचपैकी चार गुण. एक का कापला ते पुढे येईलच. युद्धाचे किचकट पटखेळ शिकायचेत, पण मुंबईत शिकवतं कोण हे ठाऊक नाही, अशांनी दादर पश्चिमेच्या या रविवारच्या बैठकीला एकदा जाऊन यावं. मंडळाचं नाव लिहीत नाही. खोली लहान आहे आणि गर्दी नको म्हणून त्यांनीच तशी अट घातलीय. पटखेळ खेळणाऱ्या कुणाला विचारलंत तर पत्ता मिळेल.

मी विलेपार्ल्यात राहते आणि जीएसटीची कामं करते. रणगाड्यांशी माझा कधी संबंध आला नव्हता. माझा भाचा इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो कॉम्प्युटरवर हार्ट्स ऑफ आयर्न 4 हा दुसऱ्या महायुद्धाचा खेळ खेळतो, म्हणजे रात्री अडीच वाजता एकट्याने पोलंड वाचवत बसतो. तोच म्हणाला, "आत्या, चल ना. तिथे सगळे तुझ्यासारखे कलम आणि पोटकलम करत असतात." ते खरं निघालं.

जागा म्हणजे जुन्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरची क्लासची खोली. फळ्यावर आदल्या दिवशीचं बेंझिन अर्धवट पुसलेलं, बाकं दोन-दोन जोडून टेबलं केलेली. खोलीचं भाडं सगळे वाटून घेतात. नवख्याला पहिल्या दिवशी काही द्यावं लागत नाही, चहाचे पैसेसुद्धा घेत नाहीत. एसी नाही. पंखा लावला की नकाशे फडफडतात, म्हणून प्रत्येक नकाशावर ॲक्रिलिकची पारदर्शक शीट ठेवलेली असते. पावसाळ्यात पुठ्ठ्याला बाक येऊ नये म्हणून खोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या. बुटांच्या खोक्यांतून येतात ना, त्याच. इथल्या लोकांना घरी पुड्या फेकू न देण्याची सवय लागलीय.

नवख्यांना जो खेळ देतात तो ॲडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर या दुसऱ्या महायुद्धावरच्या पटखेळाचं स्टार्टर किट 1. या खेळाची वंशावळ थोडक्यात अशी. जॉन हिल यांचा स्क्वॉड लीडर ॲव्हलॉन हिल कंपनीने 1977 साली काढला, आणि 1985 मध्ये त्याचाच पार वाढवलेला अवतार आला, तो हा ॲडव्हान्स्ड. त्याचं नियमपुस्तक रिंग बाइंडरमध्ये येतं. अध्याय ए पायदळाचा, बी जमिनीचा, सी तोफांचा, डी वाहनांचा, आणि पुढे वाळवंट, पॅसिफिकची बेटं असं चालूच. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक, आणि एका क्रमांकातून दुसऱ्याकडे बोट. कायदा वाचून पोट भरणाऱ्या बाईला हे बघून माहेरी आल्यासारखं वाटलं. भाच्याचा चेहरा मात्र पडला. 1998 मध्ये ॲव्हलॉन हिल हॅस्ब्रोने विकत घेतली, आणि पुढे हा खेळ मल्टी-मॅन पब्लिशिंगकडे आला. त्या कंपनीच्या मागे कर्ट शिलिंग हा अमेरिकेतला नावाजलेला बेसबॉल पिचर होता. आपल्याकडच्या एखाद्या फास्ट बोलरने असल्या खेळासाठी कंपनी काढली असती तर घरच्यांनी काय म्हटलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तो बाइंडर बघून नवीन माणूस पळतो हे मल्टी-मॅनच्याही लक्षात आलं असणार. 2004 साली त्यांनी केन डन यांनी बेतलेलं हे स्टार्टर किट काढलं. 12 पानी नियम, दोन नकाशे, सहा लढाया, आणि फक्त पायदळ. रणगाडे नाहीत. पहिल्या लढाईचं नाव रिटेकिंग व्हिएरव्हिल, नॉर्मंडीतल्या जून 1944 च्या दिवसांतली. 12 पानं म्हणजे सोपं असं मात्र कुणी समजू नये. टाइप बारीक आणि मजकूर ठासून भरलेला. चाळिशीचा चष्मा लागला असेल तर घेऊनच या.

सोंगटी अर्ध्या इंचाची. तिच्यावर तीन आकडे असतात. जर्मनांच्या नेहमीच्या स्क्वॉडवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, 4-6-7: माऱ्याचा जोर 4, पल्ला नकाशावरचे 6 षटकोन, मनोधैर्य 7. एक षटकोन म्हणजे 40 मीटर आणि एक टर्न म्हणजे साधारण दोन मिनिटं. भाच्याला हे पचायला वेळ लागला. घरी त्याच्या एका क्लिकवर आख्खी डिव्हिजन हलते, आणि इथे दहा-बारा माणसं रस्ता ओलांडणार की नाही यावर पंधरा मिनिटं जातात.

आता ज्यासाठी चार गुण दिले ते सांगते. शिकवणाऱ्यांना सगळे काका म्हणतात. निवृत्त आहेत, आवाज बारीक, हातात कायम चिमटा, कारण सोंगट्यांचा गठ्ठा बोटांनी उचलला की खालची घसरते. त्यांची रीत अशी, की नवख्याच्या सोंगटीला ते स्वतः हात लावत नाहीत. कितीही वेळ लागो. आणि नवीन आहे म्हणून खोटं हरतही नाहीत. चाल खेळण्याआधी दोनच प्रश्न विचारतात, "कुठून दिसतोस?" आणि "पोचल्यावर काय?" उत्तर चूक का बरोबर हेही सांगत नाहीत, फासे सांगतात.

माझ्यासमोरच घडलेलं लिहिते. भाच्याकडे अमेरिकन पॅराट्रूपर. त्याने तीन स्क्वॉड आणि एक लीडर एकाच गठ्ठ्यात रस्त्यावर काढले. काकांनी विचारलं, "तिघं एकत्र का रे?"

"लीडर सोबत असला की चारच्या जागी सहा मूव्हमेंट पॉइंट मिळतात, काका."

"बरोबर आहे. कुठून दिसतोस?"

समोरच्या दगडी घरात काकांचे दोन जर्मन स्क्वॉड होते. भाच्याने बघितलं, खांदे उडवले आणि म्हणाला, "दिसू दे." काकांनी चार अधिक चार असा आठचा मारा केला. उघड्यावर हलणाऱ्यावर उणे 1, आणि जपून न जाता धावत सुटलेल्यावर आणखी उणे 1. फाशांवर 7 पडले, त्याचे झाले 5. या खेळात आकडा जितका लहान तितका मार मोठा, आणि तो मार गठ्ठ्यातल्या सगळ्यांना लागतो. लीडरसकट प्रत्येकाची मनोधैर्याची परीक्षा झाली. दोन स्क्वॉड कोलमडले, सोंगट्या उलट्या झाल्या. भाचा म्हणाला, "चाल मागे घेऊ?" काका म्हणाले, "त्यांना घेता आली असती का?" आणि चहाचा घोट घेतला.

पुढच्या टर्नला पोराने आधी एकच स्क्वॉड सोडला, तोही रस्त्याच्या दुसऱ्या टोकाने. जर्मनांनी त्याच्यावर गोळ्या घातल्या. एकदा मारून झालं की टर्नच्या त्याच टप्प्यात पुन्हा मारता येतं, पण निम्म्या जोराने, आणि जवळचा शत्रू सोडून लांबच्यावर नाही. शिवाय ज्या षटकोनात मारा झाला तिथे त्याचा निम्मा जोर शिल्लक राहतो, त्यामुळे मागच्याने तिथून जायचं नाही. हे चारही नियम त्याने छापील पानावर दोनदा वाचले होते. डोक्यात शिरले ते आत्ता. नंतर निघालेले वेगळ्या षटकोनांतून पलीकडे पोचले. काका म्हणाले, "हं." ही त्यांच्याकडची सगळ्यात मोठी शाबासकी आहे असं मला नंतर कळलं.

शिकवण्याच्या बाबतीत मी इतकी चिकित्सक आहे कारण ऑफिसात दर वर्षी नवी मुलं येतात. त्यांचं रिटर्न आपणच भरून टाकण्याचा मोह फार असतो. काका तो टाळतात.

आणखी एक गोष्ट मला भावली. दुसऱ्या टेबलावर ॲडव्हान्स्डच्याच मालिकेतल्या बियाँड व्हॅलरचं जुनं खोकं उघडलं होतं. त्यात एसएस या नाझी दलाच्या सोंगट्या काळ्या रंगाच्या असतात. एक नवा मुलगा म्हणाला, "मला काळे द्या, भारी दिसतात." काकांनी सोंगट्या दिल्या, कारण लढाईत त्या बाजूने कुणीतरी खेळावंच लागतं. पण देताना एसएस म्हणजे कोण, छळछावण्या कोण चालवत होतं, हे पाच मिनिटं शांतपणे सांगितलं. आवाज चढवला नाही, पोराला लाजवलं नाही. या छंदात काळ्या गणवेशाचं वेड लागलेली माणसं असतात हे ऐकून होते. इथे त्यावर बंदी नाही, पण कौतुकही नाही.

आता कापलेला गुण. टेबलाभोवतीचे बघे! नवखा विचार करायला लागला रे लागला की मागून सुरू. "मशीनगन आधी चालव." "अरे, स्मोक टाक ना, अधिक 2 मिळतात." चाळीतल्या कॅरमभोवती असतात तशीच ही जुनी खोडं, फक्त यांना कलमांचे क्रमांक पाठ. काका विचारतात, पोर तोंड उघडतं, आणि उत्तर तिसराच देतो. एका मुलीने तर शेवटी सोंगटी मागच्या माणसाच्या हातात दिली आणि म्हणाली, "तुम्हीच खेळा, दादा." ती पुढच्या रविवारी आली नाही. काकांनी दोनदा दटावलं, पण स्वभावाने मवाळ, कोण ऐकतो. मंडळात बायका कमी का, असं मला एकाने कळकळीने विचारलं. मी त्या टेबलाकडे बोट दाखवलं. बायकांच्या टॉयलेटची किल्ली खालच्या मजल्यावरच्या दुकानातून आणावी लागते, हेही सांगितलं.

दुसरं महायुद्ध परकं वाटतं अशीही तक्रार नवे लोक करतात. त्यांच्यासाठी कपाटात जीएमटी कंपनीचा 2019 चा गांधी नावाचा पटखेळ आहे. काँग्रेस, मुस्लीम लीग, क्रांतिकारक आणि राज, म्हणजे ब्रिटिश सरकार, अशा चार बाजू, 1917 ते 1947 चा काळ. विषय आपला, ऑगस्ट क्रांती मैदान टॅक्सीने पंधरा मिनिटांवर, तेव्हा हाच आधी शिकवा असा आग्रह होतो. मला पटत नाही. त्यात चौघांचे चार वेगळे डाव आणि जिंकण्याच्या चार वेगळ्या अटी, एकाला शिकवताना तिघं ताटकळतात. त्यापेक्षा एक रस्ता, एक घर आणि दोन माणसं बरी.

विकत घ्यायची घाई नको. किट बाहेरून मागवावं लागतं आणि कस्टम्सचा खर्च वेगळा. जाता जाता माझ्या धंद्यातलं सांगते: कस्टम्सच्या यादीत खेळणी 9503 या क्रमांकाखाली येतात, बैठे खेळ 9504 खाली, आणि दोन्हींचे दर वेगळे. एका कुरियरवाल्याने माझं पार्सल खेळण्यांत टाकलं होतं. पत्र लिहून दुरुस्त करून घेतलं, पण प्रत्येकाला पत्र लिहायची हौस असेलच असं नाही. तोपर्यंत पटखेळ ऑनलाइन खेळायला व्हासल हे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात या खेळाचं व्हीएएसएल नावाचं मॉड्यूल चालतं, समोरचा माणूस कुठल्याही देशातला चालतो. भाचा आता त्यावर असतो. रात्री अडीचलाच, पण निदान समोर कुणीतरी असतं.

जाणाऱ्यांसाठी एवढंच. रविवारी मेगाब्लॉक असतो, कुठल्या लाइनवर आहे ते शनिवारीच बघून ठेवा. पाण्याची बाटली आणा. काका दहाला कुलूप उघडतात आणि टेबल जोडी जोडीने भरतं, त्यामुळे अकरानंतर आलेल्याला त्या दिवशी फक्त बघायला मिळतं. बघणाऱ्याने बोलायचं नाही असं फळ्यावर बेंझिनच्या शेजारी मी खडूने मोठ्या अक्षरांत लिहून आलेय, कलम क्रमांकासकट.