रोजच्या गाडीत ऑटो लॉकर: थारचं एमएलडी, जिप्सीतला ड्रॉप-इन आणि गुरखाचा हाताने लागणारा लॉक

डिफरन्शियल म्हणजे ॲक्सलच्या मधला गिअरचा संच, जो वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो. साधं, म्हणजे 'ओपन' डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं. एक चाक हवेत लटकलं की त्याला फिरायला टॉर्क लागतच नाही, त्यामुळे जमिनीवरच्या चाकालाही काही मिळत नाही आणि गाडी जागच्या जागी अडकते. इतपत बहुतेकांना ठाऊक असतं. लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधून फिरवणारं यंत्र, निवडताना खरा प्रश्न पुढचा असतो: लॉक कधी लागायचा हे ठरवणार कोण? तुमचा हात, गाडीचा संगणक, की डिफरन्शियलच्या पोटातली वजनं आणि स्प्रिंगा? रविवारी चिखलात जाणारी गाडी सोमवारी ऑफिसला आणि शुक्रवारी रात्री घाटातून गावी जाणार असेल, तर या उत्तराने फार फरक पडतो.

भारतात 'ऑटो लॉकर' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू येतात. पहिली म्हणजे महिंद्रा थारच्या मागच्या ॲक्सलमधलं एमएलडी, म्हणजे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल. ते 2015 च्या थारमध्ये आलं आणि 2020 च्या नव्या थारच्याही काही व्हेरियंटमध्ये मिळालं. दुसरी म्हणजे जिप्सीसारख्या गाडीत बाहेरून बसवलेला ड्रॉप-इन लॉकर, ज्याला ऑफरोडवाले 'लंचबॉक्स' म्हणतात. पहिलं एरवी उघडं असतं आणि गरज पडली की बंद होतं. दुसरा एरवी बंदच असतो आणि वळणावर उघडतो. रस्त्यावरचा दोघांच्या स्वभावातला सगळा फरक यातून येतो.

एमएलडी: आधी चाक फिरू द्यावं लागतं

थारचं एमएलडी ईटन कंपनीच्या एमलॉकर जातीचं आहे. डाव्या-उजव्या चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण 100 फेऱ्यांचा फरक पडला की आतली गव्हर्नरची वजनं बाहेर फेकली जातात, एका खुंटीत अडकतात, मग कॅम चढतो, क्लच प्लेटा दाबल्या जातात आणि दोन्ही ॲक्सल शाफ्ट एक होतात. वेग साधारण 30 किमीच्या वर असेल तर हे अडकणं होत नाही, म्हणून हायवेवर ओल्या पट्ट्यावर एक चाक घसरलं तरी लॉक अचानक लागत नाही.

100 फेऱ्या म्हणजे किती? 255/65 आर18 टायरचा घेर साधारण 2.48 मीटर. एक चाक थांबलेलं आणि दुसरं मिनिटाला 100 फेऱ्या, म्हणजे फिरणाऱ्या चाकाचा वेग ताशी जवळपास 15 किमी. लो रेंजच्या (फोर-व्हीलचे हळू, जोरदार गिअर) पहिल्या गिअरमध्ये पाय न देता एवढा फरक पडत नाही. म्हणूनच नवे मालक हलक्या पायाने चाक फिरवत बसतात आणि 'लॉक लागतच नाही' अशी तक्रार करतात. उलट टोक त्याहून महाग पडतं: चाक वेड्यासारखं फिरतंय, पाय तळाला टेकलाय आणि त्याच क्षणी लॉक लागला, तर तो सगळा धक्का एका ॲक्सल शाफ्टवर आणि क्राउन-पिनियनवर (डिफरन्शियल फिरवणारी मुख्य गिअरची जोडी) येतो. मधला मार्ग असा: ॲक्सिलरेटर हळूहळू आणि एकसारखा वाढवत न्या, 'ठक' ऐकू आलं किंवा गाडी पुढे सरकली की पाय तिथेच धरा. पाय काढला की टॉर्कची दिशा उलटते, लॉक सुटू शकतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

आणखी एक गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसरीकडे टॉर्क पोहोचवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जोरात काम करत असेल, तर वेगाचा तो फरक पडायच्या आतच चाक आवरलं जातं. त्यामुळे कुठल्या मोडमध्ये काय बंद होतं हे मॅन्युअलमध्ये एकदा नीट वाचून ठेवा.

रोजच्या वापरात एमएलडी जवळपास अदृश्य असतं. वळणावर आवाज नाही, ओढ नाही. पार्किंगमधून बाहेर पडताना एक चाक ओल्या फरशीवर आणि दुसरं डांबरावर असेल, तर कधीतरी 'ठक' होतं, एवढंच. म्हणून रोज चालवायच्या गाडीत स्वयंचलित लॉक हवाच असेल, तर कंपनीतून आलेला हाच प्रकार घ्यावा.

ड्रॉप-इन: मजबूत, स्वस्त आणि रस्त्यावर हट्टी

ड्रॉप-इन किट डिफरन्शियलच्या आतल्या छोट्या स्पायडर आणि साइड गिअरच्या जागी बसतं, डिफरन्शियलचं केसिंग जुनंच राहतं. दात असलेले दोन ड्रायव्हर (हे किटचे भाग, चालक नव्हे), दोन कपलर, मध्ये पिना आणि स्प्रिंगा. ताकद आली की क्रॉस पिन (केसिंगमधला आडवा दांडा) ड्रायव्हरना बाहेर ढकलतो आणि दात घट्ट बसतात. वळणावर बाहेरचं चाक पुढे पळायला लागलं की त्या बाजूचे दात सुटून टकटक करत सरकतात. गाडी ओढायचं काम तेवढा वेळ एकटं आतलं चाक करतं.

म्हणजे वळणावर गाडी आतल्या चाकाने ढकलली जाते आणि नाक बाहेर जातं. मध्येच ॲक्सिलरेटर सोडला किंवा गिअर बदलायला क्लच दाबला, तर भार एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला उडी मारतो, 'ठाप' आवाज येतो आणि मागची बाजू हलकीशी सरकते. कोरड्या रस्त्यावर चार दिवसांत याची सवय होते. जूनच्या पहिल्या पावसात आंबोलीच्या किंवा ताम्हिणीच्या वळणावर, डांबरावर लाल मातीचा साय धरल्यासारखा थर असताना, गोष्ट वेगळी असते. तिथे थोडा जास्त पाय दिला की दोन्ही मागची चाकं एकत्र सुटतात. जिप्सीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 2375 मिमी. इतक्या आखूड गाडीची मागची बाजू बघता बघता फिरते. लांब गाडीत हाच लॉकर पुष्कळ शांत वागतो.

यावर उपाय चालवण्याच्या पद्धतीत आहे: गिअर वळणाच्या आधीच बदला, वळणभर पाय एकसारखा ठेवा किंवा पूर्ण काढून गाडी वाहू द्या. अर्धवट चढ-उतार करू नका. पण घरातलं दुसरं कोणी गाडी चालवत असेल, तर हे सगळ्यांना शिकवावं लागेल. मागच्या ॲक्सलमध्ये ड्रॉप-इन, आखूड गाडी आणि रोजचा पावसाळी घाट, हे तिन्ही एकत्र येत असतील तर आमचा सल्ला स्पष्ट नकाराचा.

तोच लॉकर पुढच्या ॲक्सलमध्ये टाकला तर चित्र बदलतं. फ्री व्हील हब (पुढचं चाक शाफ्टपासून मोकळं करणारे हब) असलेल्या जिप्सीत हब मोकळे ठेवले की पुढचे शाफ्ट फिरतच नाहीत, आणि रस्त्यावर लॉकर असल्याचं कळतही नाही. हब लावून फोर-व्हील घेतली की मात्र स्टिअरिंग जड होतं आणि गाडी सरळच जायला बघते. चाकं पूर्ण वळवून जोरात पाय देऊ नका. पुढच्या चाकाचा जॉइंट त्याच स्थितीत तुटतो.

हाताने लागणारा लॉक

फोर्स गुरखात पुढे-मागे दोन्हीकडे चालकाने लावायचे लॉक मिळतात. थार रॉक्सच्या फोर-बाय-फोरमध्ये मागे इलेक्ट्रॉनिक लॉक आहे. बाहेरून बसवायचे एअर लॉकरही असतात. त्यांना कंप्रेसर, नळी आणि सील लागतात, आणि बिघाड बहुधा यांच्यातच निघतो: नळी घासून हवा गळते, किंवा सील जाऊन डिफचं तेल हवेच्या नळीत येतं.

रस्त्यावर ही सगळी ओपन डिफरन्शियलची गाडी असते, वागण्यात तिळमात्र फरक नाही. अडथळ्याआधी, थांबून किंवा रांगत असताना लॉक लावायचा, मग चाक एकदाही न फिरवता गाडी चढते. एमएलडीला आधी चाक फिरवावं लागतं. खडकावर हा फरक मोठा ठरतो, भुसभुशीत चिखलात तेवढा जाणवत नाही. मात्र लॉक लावायचं लक्षात राहावं लागतं, आणि काढायचंही.

आडव्या उतारावर हाताच्या लॉकचा आणखी एक फायदा. दोन्ही चाकं लॉक होऊन एकदम फिरली की आडवी पकड संपते आणि गाडीची मागची बाजू दरीच्या दिशेने घसरते. ओपन डिफमध्ये एक चाक फिरत असतं, पण दुसरं स्थिर राहून गाडी धरून ठेवतं. अशा जागी हाताने लॉक काढता येतो. ऑटो लॉकरला विनंती करता येत नाही.

जिम्नीची ब्रेकवर चालणारी यंत्रणा या तिघांपेक्षा कमकुवत वाटते, पण चांगल्या टायरवर रोजच्या गाडीला ती पुष्कळदा पुरते. लांब चढावर ब्रेक तापतात, ही तिची मर्यादा.

टायर, तेल आणि जुनी गाडी

ऑटो लॉकर असलेल्या ॲक्सलवर दोन्ही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत, हवा दोन्हीकडे समान हवी. ड्रॉप-इनमध्ये मोठ्या घेराचं चाक हळू फिरतं, म्हणून सरळ रस्त्यावरही सगळा भार त्यावरच येतो आणि गाडी एका बाजूला ओढते. मागचा टायर पंक्चर झाला तर पुढचा मागे घ्या आणि स्टेपनी पुढे लावा.

तेल मॅन्युअलमध्ये किंवा किटच्या पत्रकात लिहिलेलंच. एमएलडीत लिमिटेड स्लिप या दुसऱ्या जातीच्या डिफरन्शियलसाठीचं घर्षण कमी करणारं ॲडिटिव्ह स्वतःच्या मनाने टाकू नका, त्याच्या प्लेटांना पकड हवी असते. ड्रॉप-इन बसवल्यावर पहिलं तेल 1000 किमीच्या आत बदला. पाण्यातून गाडी गेली की ड्रेन प्लग जरासा सैल करून बघा. तेल दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलंय, बहुधा ब्रीदरच्या (ॲक्सलमधली हवा आत-बाहेर सोडणाऱ्या) नळीतून.

ड्रॉप-इन बसवलेली जुनी जिप्सी घेत असाल तर मागची दोन्ही चाकं उचला, स्टँड लावा, पुढच्या चाकांना दगड लावा, इंजिन बंद, गिअर टाकलेला, हँडब्रेक सोडलेला. एक चाक पुढच्या दिशेने ढकलून घट्ट धरा. दुसरं मागच्या दिशेने टकटक करत मोकळं फिरलं पाहिजे. मग बाजू बदलून तेच. दोन्ही एकाच दिशेने ढकलली तर थोडा खेळ सोडून हलता कामा नयेत. एका बाजूला टकटक नसेल किंवा चाक अडकत असेल, तर स्प्रिंग तुटली असेल किंवा दोन ड्रायव्हरमधली फट चुकली असेल. ही फट बऱ्याच किटमध्ये 3.7 ते 4.3 मिमीच्या आसपास असते आणि जुन्या केसिंगच्या झिजेने बदलते. मग किंमत ठरवताना केसिंगचा खर्चही धरा.