कार्डयंत्रातील किल्ल्या: मास्टर-सेशन किंवा डकपट?

नाशिकच्या सराफ बाजारात दागिने घेऊन ग्राहक कार्डयंत्रावर पिन टाकतो, तेव्हा तो यंत्रातच कूटबद्ध होऊन बाहेर पडतो. मात्र कोणत्या किल्लीने (‘की’ने, म्हणजे कूटबद्ध करणाऱ्या गुप्त संकेताने), हे त्या यंत्रातील किल्ली-व्यवस्थेवर ठरते.

मास्टर-सेशन पद्धतीत यंत्रात मास्टर की आधीच भरलेली असते आणि बँकेचा सर्व्हर तिच्याखाली कूटबद्ध केलेली सेशन की, म्हणजे काही काळापुरती किल्ली, पाठवतो. ही रचना समजायला सोपी आहे, पण सेशन की दिवसभर तीच राहिली, तर ती फुटताच त्या दिवसाचे सारे पिन उघडे पडतात. आणि मास्टर की हाती लागली, तर टिपून ठेवलेल्या जुन्या संदेशांतून मागच्या सेशन कीही काढता येतात.

डकपट (DUKPT) या दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक व्यवहाराची किल्ली वेगळी असते. बँकेकडील बेस डेरिव्हेशन की, म्हणजे मूळ किल्ली, यंत्रात कधीच जात नाही. तिच्यापासून काढलेली प्रारंभिक किल्ली तेवढी भरली जाते आणि भावी किल्ल्या तयार होताच तीही पुसली जाते. व्यवहारासोबत जाणाऱ्या की सीरियल नंबरमधील यंत्राची ओळख आणि व्यवहाराचा क्रम पाहून बँकेचे सुरक्षा मॉड्यूल (किल्ल्या जपणारे उपकरण) तीच किल्ली पुन्हा काढते. ट्रिपल डेस या कूटबद्ध करण्याच्या जुन्या पद्धतीवर चालणाऱ्या डकपट प्रकारात एका प्रारंभिक किल्लीवर सुमारे १० लाख व्यवहार होतात. चोरलेले यंत्र फोडले, तरी झालेल्या व्यवहारांच्या किल्ल्या त्यातून मिळत नाहीत, आणि माझ्या मते निर्णय इथेच होतो. बेस की फुटली, तर मात्र तिच्यावरची सगळी यंत्रे धोक्यात येतात.

नव्या यंत्रांसाठी मी डकपटच निवडेन. बँकेची जुनी व्यवस्था फक्त मास्टर-सेशनच चालवत असेल, तर सेशन की वारंवार बदलण्याचा आग्रह दुकानदारांनी धरावा.