सुकाणूचं चाक सोडून सगळं आलं: 'कॉन्स्टिट्यूशन' जहाजाचं मॉडेल किट, सात-आठ महिन्यांनंतर

तुकडे किती, लांबी किती, रंग सोबत येतात की नाही (येत नाहीत) हे सगळं विक्रीच्या पानावर आहे, ते परत लिहीत बसत नाही. तीन डोलकाठ्यांचं अमेरिकन फ्रिगेट (शिडाची वेगवान युद्धनौका), प्लॅस्टिकचं, सेलमध्ये घेतलेलं. मूळ किमतीला मी हात लावला नसता.

आधी तक्रार. या जहाजाचं सुकाणू जोडचाकी आहे. एकाच आसावर पुढे-मागे दोन चाकं, मधे दोर गुंडाळायचं पिंप. माझ्या खोक्यात एका चाकाच्या आऱ्या तुटलेल्या होत्या आणि पिंप नव्हतंच. चाक रुपयाच्या नाण्याहून लहान, पण बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. फोटो काढले, तक्रार नोंदवली. चार दिवसांनी उत्तर: "मॅम, हा डेकोरेटिव्ह पार्ट आहे, जहाजाच्या स्ट्रक्चरवर काही परिणाम होत नाही." सुटा भाग मिळणार नाही, सील फोडल्यामुळे अख्खं किट परत घेणार नाही. सील न फोडता आतलं चाक तुटलंय हे कळावं तरी कसं? तर म्हणे पुढच्या खरेदीवर पाच टक्के सूट घ्या. म्हणजे यांच्याकडूनच अजून एक जहाज घ्यायचं.

त्या दिवशी एक तारा देऊन मोकळी होणार होते. तरी बांधायला घेतलं, कारण पैसे गेलेलेच होते.

किट चांगलं आहे, हे मान्य करायला मला दोन महिने लागले. तळाच्या दोन बाजू कुठेही फट न राहता बसल्या. तोफांची झाकणं सुटी असल्यामुळे उघडी किंवा बंद, हवी तशी लावता येतात. दोरा मात्र भिकार, लव सुटते. मेणबत्तीवरून दोन-तीनदा ओढून घ्या, लव बसते आणि गाठही सरकत नाही. माहितीपत्रक त्याहून भिकार. 1797 साली बॉस्टनला जलावतरण, 19 ऑगस्ट 1812 ला 'गेरिएर' या ब्रिटिश जहाजाचा फडशा, शत्रूचे गोळे लाकडावर आपटून खाली पडले म्हणून 'ओल्ड आयर्नसाइड्स' हे नाव, यावर पान संपलं. मधे लाइव्ह ओक आणि आत-बाहेर व्हाइट ओक या टणक लाकडांची अशी सुमारे एकवीस इंच जाडीची भिंत होती म्हणून ते गोळे आपटून पडले, एवढं तरी लिहायचं! नावाला 44 तोफांचं जहाज, प्रत्यक्षात पन्नासच्या वर तोफा, त्यातल्या मुख्य 24 पौंडी, म्हणजे 24 पौंड वजनाचा गोळा फेकणाऱ्या. समोरच्या ब्रिटिश फ्रिगेटच्या मुख्य तोफा 18 पौंडी. यातलं काही नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या लढाईला एक ओळ: 'जावा' हे ब्रिटिश जहाजही बुडवलं.

चाकाचा राग डोक्यात होताच, म्हणून खरं चाक कसं असतं ते शोधायला बसले. भाचा बॉस्टनला असतो. हे जहाज तिथे चार्ल्सटाउनच्या गोदीत अजून पाण्यावर आहे आणि बघायला तिकीट नाही, त्यामुळे त्याला पाठवायला काही वाटलं नाही. त्याने चाकाचे सगळ्या बाजूंनी फोटो पाठवले. मापं घेण्यासाठी वाचता वाचता ती एका ओळीची लढाई हाताला लागली.

29 डिसेंबर 1812, ब्राझीलचा किनारा. दुपारी दोनच्या सुमारास तोफा सुरू झाल्या आणि अर्ध्या तासात 'जावा'च्या गोळ्याने 'कॉन्स्टिट्यूशन'चं सुकाणूचं चाक साफ उडवलं. कप्तान बेनब्रिज याच्या कमरेत आधीच बंदुकीची गोळी होती, त्यात चाकासोबत उडालेला तांब्याचा खिळा मांडीत घुसला. तरी गडी डेकवरून हलला नाही. चाक नाही म्हटल्यावर माणसं खालच्या मजल्यावर पाठवली, तिथे सुकाणूचा दांडा कप्प्या-दोरांनी हाताने ओढायचा, आणि वरून हुकूम माणसामागून माणूस ओरडत खाली पोचवायचा. अशा अवस्थेत जहाज वळवत वळवत त्यांनी तीन-साडेतीन तासांत 'जावा'च्या डोलकाठ्या पाडल्या. तिने निशाण उतरवलं. मग बेनब्रिजने काय केलं, तर 'जावा'चं चाक काढून आपल्या जहाजाला बसवलं आणि तिचं उरलेलं धूड पेटवून दिलं. बदली भाग मिळवायचा हा मार्ग मला उपलब्ध नव्हता.

म्हणजे चाकाविना जहाज चालतं, लढतं आणि जिंकतं. कस्टमर केअरच्या त्या पोराला 1812 साल कशाशी खातात हेही ठाऊक नसणार, तरी तो बरोबर निघाला याचा मला आजही राग आहे.

आता खरी गंमत. ही 'जावा' निघाली होती मुंबईला. माझगावच्या बाजूला नव्हे, फोर्टातल्या मुंबई गोदीत तेव्हा जहाजं बांधणाऱ्या वाडियांच्या हाताखाली 'कॉर्नवॉलिस' नावाचं ब्रिटिश आरमाराचं 74 तोफांचं सागवानी जहाज बांधलं जात होतं, आणि त्याच्या तळाला ठोकायचे तांब्याचे पत्रे 'जावा'च्या पोटात होते. तांबं नसेल तर उष्ण समुद्रात किडा लाकूड पोखरतो आणि शेवाळाने जहाजाचा वेग मरतो. पत्रे ब्राझीललाच राहिले, मुंबईचं काम रखडलं. 'कॉर्नवॉलिस' 12 मे 1813 ला पाण्यात उतरलं. 1815 च्या एप्रिलमध्ये, अमेरिका-ब्रिटनचं युद्ध थांबवणारा तह होऊन गेल्यावरही, दक्षिणेकडच्या समुद्रात 'हॉर्नेट' या अमेरिकन जहाजाने लांबून त्याला मालवाहू समजून पाठलाग सुरू केला. जवळ गेल्यावर कळलं काय आहे ते. मग पाठलाग उलटा फिरला आणि 'हॉर्नेट'ने तोफा, नांगर, होड्या समुद्रात फेकून कसाबसा जीव वाचवला. ब्राझीलच्या किनाऱ्यावर 'कॉन्स्टिट्यूशन'च्या जोडीला होतं ते हेच 'हॉर्नेट'. ज्याच्या पत्र्यांची वाट लावली त्यानेच दोन वर्षांनी पळवलं, तेही मुंबईच्या सागवानाने! 1842 चा ब्रिटन-चीनमधला नानकिंगचा तहसुद्धा याच 'कॉर्नवॉलिस'वर झाला.

'जावा'वर एक बडा प्रवासीही होता, मुंबईत मोठ्या हुद्द्यावर निघालेला लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप. कैद झाला, पुन्हा न लढण्याच्या वचनावर सुटला. नाव ओळखीचं वाटलं ना? 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरला होळकरांचा पराभव केला तो हाच, आणि दोन महिन्यांनी तापीकाठच्या थाळनेरच्या किल्लेदाराला फासावर चढवलं तेही यानेच. बेनब्रिजने त्याला जरा जास्त दिवस अडकवून ठेवायला काय हरकत होती, असं माझं प्रामाणिक मत आहे. आमच्या घरी यावर मतभेद आहेत. "त्याच्या जागी दुसरा आला असता" म्हणे.

चाकाचं काय केलं? शर्टाचं बटण, तांब्याची तार वगैरे जुगाड करून पाहिला, जमत आला होता, पण सोडून दिला. चाकाची जागा रिकामी ठेवली, भोवतीच्या फळ्या सुरीने थोड्या तासल्या आणि खाली पट्टी लावली: 29 डिसेंबर 1812, दुपारी अडीच. खर्च शून्य. शेजारचे काका म्हणतात की मग शिडांनाही भोकं पाडायला हवीत. पाडणार नाही, शिडं धड आली आहेत.

तारे: किटला चार, माहितीपत्रकाला एक, विक्रेत्याला शून्य देता येत नाही म्हणून एक. सेल असेल तरच घ्या आणि खोका उघडताना व्हिडिओ काढा. चाकं कोणत्या फ्रेमवर (सुटे भाग जिला चिकटून येतात ती प्लॅस्टिकची चौकट) आहेत ते आधी बघा, पिंप त्याच फ्रेमच्या कोपऱ्यात असतं म्हणे, माझ्यात नव्हतं. तळाला सोनेरी रंग देऊ नका, खेळणं दिसतं. तांब्याच्या रंगात चिमूटभर तपकिरी मिसळून दोन पातळ हात द्या, आणि पहिला हात पूर्ण वाळेपर्यंत दुसरा लावू नका. पावसाळ्यात त्याला दोन दिवससुद्धा लागतात.