दोन चाकांचा शिकाऊ रोबोट: दिवाळीपासून मे महिन्यापर्यंतचा अनुभव

आठवीत शिकणाऱ्या माझ्या भाचीसाठी दिवाळीच्या सुट्टीत अर्डुइनोवर, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डावर, चालणारा दोन चाकांचा रोबोट-संच घेतला आणि तेव्हापासून तो आमच्या घरी सतत वापरात आहे. संचात अॅक्रिलिकची चौकट, दोन पिवळ्या बीओ (बॅटरीवर चालणाऱ्या, गिअर असलेल्या) मोटर, ६५ मिलिमीटर व्यासाची चाके, मोकळे फिरणारे एक कॅस्टर चाक, अर्डुइनोच्या ऊनो या मॉडेलची प्रतिकृती असलेला बोर्ड, त्याच्या हुकमानुसार मोटरना वीज देणारा एल२९८एन मोटर ड्रायव्हर, अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर, तो फिरवण्यासाठी छोटी सर्वो मोटर, दोन आयआर (अवरक्त) सेन्सर आणि एचसी-०५ ब्लूटूथ एवढे साहित्य येते. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. या साहित्याला दिलेले पैसे वसूल होतात, परंतु सोबतची पुस्तिका जिथे संपते तिथून खरे शिक्षण सुरू होते आणि त्यासाठी घरातील एखाद्या मोठ्या माणसाने वेळ काढावा लागतो.

जोडणीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. अॅक्रिलिकवरचा तपकिरी कागद सोलावा, स्क्रू बेताने आवळावेत, कारण जोर लावल्यास छिद्राजवळ तडा जातो, आणि संगणकाने बोर्ड ओळखला नाही तर त्यावरच्या सीएच३४० या यूएसबी चिपचे ड्रायव्हर सॉफ्टवेअर संगणकात टाकावे. मोटरच्या तांब्याच्या पट्ट्या फार नाजूक असतात, त्यामुळे तारा नुसत्या पिळून न ठेवता डाग देऊन (सोल्डर करून) पक्क्या कराव्यात आणि त्याच वेळी दोन पट्ट्यांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा, म्हणजे दुकानात ज्याला १०४ म्हणतात तो, सिरॅमिक कपॅसिटर लावावा. मोटरच्या ब्रशमधून होणाऱ्या ठिणग्यांचा विद्युत गोंगाट त्याने बराच कमी होतो. संचात हा कपॅसिटर नसतो, तो आमच्या नागपूरच्या सीताबर्डी बाजारात किरकोळ पैशांत मिळतो.

विजेचा हिशोब मात्र नीट समजून घ्यायला हवा. संचातील खोक्यात चार पेन्सिल सेल बसतात, त्यांचे ६ व्होल्ट होतात. एल२९८एन जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरवर चालणारा असल्यामुळे त्यातच सुमारे २ व्होल्ट खर्ची पडतात आणि मोटरपर्यंत ४ च्या आसपास पोहोचतात. चार्ज होणारे १.२ व्होल्टचे सेल घातले तर परिस्थिती आणखी बिकट होते. रोबोट एकाएकी उलट्या दिशेने फिरवला की मोटर जास्त प्रवाह ओढतात, व्होल्टेज क्षणभर कोसळते आणि बोर्ड रीसेट होऊन प्रोग्रॅम पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होतो. हे पाहिलेल्या मुलाला प्रोग्रॅममध्ये चूक आहे असे वाटत राहते. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी हा यावरचा उपाय नव्हे, कारण तिला एवढा प्रवाह पुरवताच येत नाही. आम्ही १८६५० प्रकारचे दोन लिथियम सेल एकामागे एक जोडले. पूर्ण चार्ज झाल्यावर त्यांचे ८.४ व्होल्ट मिळतात आणि ड्रायव्हरचा वाटा वजा जाऊन मोटरला योग्य तेवढेच उरतात. हे सेल साधारणपणे ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असा दंडक आहे. नागपूरच्या मे महिन्यात वरच्या मजल्यावरील खोलीत हा आकडा फार दूर नसतो, म्हणून आम्ही पहाटे किंवा कूलरच्या खोलीतच चार्जर लावतो.

आता मुख्य गोष्ट. दोन्ही मोटरना सारखाच वेग द्या म्हणजे रोबोट सरळ जाईल, असे पुस्तिका सांगते. तो जात नाही. पहिल्याच आठवड्यात भाचीने विचारले, "मामा, हा डावीकडेच काहून जाते?" हा प्रश्न मला संपूर्ण संचापेक्षा मोलाचा वाटला. या मोटरच्या गिअरबॉक्सचे गुणोत्तर १:४८ असते, गिअर प्लास्टिकचे असतात आणि घर्षण, ब्रशची बैठक, चाकाची पकड यांत दोन नगांमध्ये फरक राहतोच. त्यात सेलचा खोका थोडा एका बाजूला बसला असेल तर तोही आपली भर घालतो. जी मोटर जोरात चालते तिचा प्रोग्रॅममधला वेगाचा आकडा (तो ० ते २५५ असतो) थोडा कमी करावा, हा सर्वांना सुचणारा उपाय आम्हीही केला, पण तो सेल अर्धे उतरेपर्यंतच टिकतो, फरशीवरून सतरंजीवर गेल्यावर तर तेवढाही टिकत नाही.

गंमत अशी की, संचात २० खाचांच्या दोन काळ्या चकत्या येतात, त्या मोटरच्या दुसऱ्या टोकावर बसतात आणि पुस्तिकेत त्यांच्याबद्दल एक अक्षरही नाही. खाचा मोजणारे सेन्सर वेगळे घ्यावे लागतात. माझ्या मते हा खर्च ऐच्छिक समजू नये. चाकाचा परीघ सुमारे २०.४ सेंटीमीटर आहे, म्हणजे एक खाच सरकली की रोबोट जवळपास एक सेंटीमीटर पुढे गेला, असा सोपा हिशोब मुलाच्या हाती येतो. ऊनोवर बाहेरचा इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून लगेच दखल घ्यायला लावणारा इशारा, घेणाऱ्या पिना २ आणि ३ अशा दोनच आहेत आणि आपल्याला नेमक्या दोनच हव्या असतात. डाव्या आणि उजव्या खाचांमधला फरक काढायचा, त्याला एका ठरावीक संख्येने गुणायचे आणि येईल तेवढा वेग पुढे गेलेल्या चाकाचा कमी करायचा, एवढीच युक्ती आहे. ती संख्या लहान ठेवली तर रोबोट हळूहळू वळत राहतो आणि मोठी ठेवली तर तो सापासारखा डावीउजवीकडे झोके घेत जातो. भाचीने वेगवेगळ्या संख्या वहीत मांडून, फरशीच्या सांध्यावर रोबोट सोडून योग्य संख्या स्वतः शोधली. पीआयडी नियंत्रणातील (चूक मोजून ती आपोआप सुधारण्याच्या पद्धतीतील) पहिले अक्षर, म्हणजे चुकीच्या प्रमाणात सुधारणा, ते नेमके हेच, हे मी तिला नंतर सांगितले. दोन बारकावे लक्षात ठेवावे लागतात. ठरावीक आकड्याखाली, आमच्याकडे ९० च्या जवळपास, मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही, म्हणून वेगाला खालची मर्यादा घालावी. शिवाय हा सेन्सर खाचा मोजतो, दिशा ओळखत नाही, त्यामुळे मागे जाताना मोजणी वजा करण्याची जबाबदारी प्रोग्रॅमचीच राहते.

अंतर मोजणाऱ्या सेन्सरने उन्हाळ्यात एक चांगला धडा दिला. एचसी-एसआर०४ हा ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत येईपर्यंतचा वेळ मोजतो. त्या मायक्रोसेकंदांना ५८ ने भागले की सेंटीमीटर मिळतात, असे सगळीकडे लिहिलेले असते. हा ५८ चा आकडा आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरून काढलेला आहे, म्हणजे तो २० अंशांच्या थोड्या वरच्या तापमानाला बरोबर आहे. तापमान एक अंशाने वाढले की वेग साधारण ०.६ मीटरने वाढतो. आपल्या ४५ अंशांत तो ३५८ च्या पुढे जातो, प्रतिध्वनी लवकर परततो आणि टेपने मोजलेले एक मीटर अंतर रोबोटला ९६ सेंटीमीटर वाटते. आम्ही दुपारी गच्चीच्या जिन्यात हे पडताळून पाहिले तेव्हा आकडा तसाच आला. भिंत टाळण्यासाठी एवढ्या फरकाने काही बिघडत नाही, पण शाळेच्या पुस्तकातला आवाजाचा वेग असा हातात सापडणे ही वेगळी गोष्ट आहे.

रेषेवरून चालण्याच्या प्रयोगात आयआर सेन्सरने बराच त्रास दिला, त्यात दोष सेन्सरपेक्षा जागेचा जास्त होता. मोझॅकच्या फरशीतील काळे दाणे त्याला रेषेसारखे वाटतात आणि उन्हात तो पूर्ण गोंधळतो, कारण सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण भरपूर असतात. जुन्या फ्लेक्सच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून केलेला मार्ग सर्वांत चांगला ठरला. तो गुंडाळून ठेवता येतो आणि संध्याकाळी दिव्याखाली पसरता येतो.

पुस्तिकेसोबतच्या प्रोग्रॅमबद्दल मात्र माझी तक्रार आहे. जिकडेतिकडे डिले (ठरावीक वेळ नुसते थांबण्याची आज्ञा) वापरल्यामुळे प्रोग्रॅम थांबलेला असताना रोबोट काहीच पाहत किंवा ऐकत नाही. मिलिस (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारी आज्ञा) वापरून वेळ मोजण्याची सवय पहिल्यापासून लावली असती तर पुढचे बरेच श्रम वाचले असते. आकृतीत मोटरच्या वेगाच्या तारा ९ आणि १० या पिनांवर दाखवल्या आहेत, आणि ऊनोवर सर्वोची लायब्ररी सुरू झाली की नेमक्या याच दोन पिनांवरचे पीडब्ल्यूएम, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवण्याची सोय, बंद पडते. परिणामी सेन्सरची मान फिरू लागताच मोटरच्या वेगावरचा ताबा सुटतो. वेगाच्या तारा ५ आणि ६ वर घेतल्यावर प्रश्न मिटला. ब्लूटूथ ० आणि १ या पिनांवर असल्याने प्रोग्रॅम चढवताना ते काढून ठेवावे लागते, आणि एचसी-०५ सोबत अँड्रॉइड फोनच चालतो, आयफोन जोडला जात नाही, हे घेण्याआधी पाहावे.

वापरून झिजणारा भाग म्हणजे मोटर. डाव्या मोटरच्या गिअरमधून उन्हाळ्याच्या सुरुवातीला करकर ऐकू येऊ लागली. नवी मोटर स्वस्तात मिळते आणि दोन स्क्रूंवर बसते. बदलायची झाल्यास दोन्ही एकदम बदलाव्यात असा माझा सल्ला आहे. एक जुनी आणि एक नवी ठेवली तर दोन्हींमधला फरक इतका वाढतो की वहीतली ती संख्या पुन्हा नव्याने शोधावी लागते, अर्थात भाचीची त्याला काही हरकत नव्हती.